मांडवातली बास

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात बास गिटारवाल्यावाचून कुणाचं अडत नाही. हळदीची सुपारी ठरते तेव्हा यजमान बँजोचं विचारतात, गायिकेचं विचारतात, ढोलकीला कोण आहे ते विचारतात, लाइट किती लावणार तेही विचारतात. बासचं आजवर कुणी विचारलेलं नाही. कीबोर्डवाल्याचा डावा हात खर्ज भरून काढतो, ठोका ऑक्टोपॅड आणि कच्छी ढोल देतात, आणि मंडळी नाचतात. चार जाड तारांचं गिटार गळ्यात अडकवून मागे उभा राहणारा माणूस आला नाही, तर बिदागीतली एक वाटणी वाचते.

ती वाटणी घेणारा मी. दिवसा वायरिंगची कामं करतो. किन्हवली, सरळगाव, मुरबाड या रस्त्यावरच्या गावांतली घरं, शेतावरचे पंप, कधी एखादी शाळा. तुळशीचं लग्न झालं की पावसाळा लागेपर्यंत संध्याकाळी मांडवात. मध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम, पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की त्या बाजूची एखादी सुपारी, मग गणपती. त्यामुळे बास विकत घेणं, ती खोलून आतलं बदलणं, पेडलं लावून बघणं हे सगळं मी मांडवाच्या हिशेबाने केलं. दुकानात चांगलं वाजणारं वाद्य मांडवात ऐकू येईलच असं नाही, आणि ऐकू आलं तर त्याचं कारण बहुतेक वेळा वाद्याच्या किमतीत नसतं. ते कुठे असतं, हे मला सांगायचं आहे.

पिकअप ही वस्तू मी पहिल्यांदा पाहिली ती बँजोत. आमच्याकडचा बँजो म्हणजे कळा दाबून वाजवायचा बुलबुलतरंग. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ साली जपानमध्ये बनवलेल्या ताइशोगोतोचा हा वंशज. मूळ वाद्याचा आवाज खोलीपुरता. वरातीत ढोल-ताशापुढे तो टिकावा म्हणून तारांखाली चुंबक आणि वेटोळं बसवलं, पुढे इकोचा डबा लावला, आणि हे घरगुती वाद्य रस्त्यावर उतरलं. आमच्या बँजोवाल्याने झाकण काढून मला आतलं दाखवलं तेव्हा गिटारचा पिकअपही असाच असतो हे कळलं. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर लोखंडी तार हलली की वेटोळ्यात थोडासा करंट तयार होतो. पंपाची मोटर जवळून पाहिलेल्या माणसाला यात गूढ काही वाटत नाही.

बासची ओढ मात्र रेडिओमुळे लागली. घरातल्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर तळहाताएवढा. आर. डी. बर्मन यांचं गाणं लागलं की त्याच्या तळातून चालणारी बासची ओळ त्यातूनही ऐकू यायची. त्यांच्याकडे टोनी वाझ बास वाजवायचे, हे पुष्कळ नंतर समजलं. पुढे आयटीआयला फ्रिक्वेन्सी शिकलो तेव्हा प्रश्न पडला. बासची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला ४१ वेळा हलते, त्यावरच्या तारा ५५, ७३ आणि ९८ वेळा. एवढासा स्पीकर ४१ हर्ट्झ काढूच शकत नाही. मग मी ऐकत होतो ते काय?

उत्तर कानात आहे. तार नुसती ४१वर हलत नाही, तिच्यासोबत ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरांशही निघतात. स्पीकर वरचे काढतो आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून कान खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. बास ओळखू येते ती या वरच्या भागामुळे. हे एकदा पटलं की बास, पिकअप आणि पेडल यांची निवड पार बदलते. कारण मांडवातले १५ इंची टॉप स्पीकर म्हणजे शेवटी तो ट्रान्झिस्टरच, फक्त मोठा. पन्नास हर्ट्झच्या खाली त्यांचीही दमछाक होते.

खरेदीची सुरुवात आमच्याकडे आसनगाव स्टेशनावर होते. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस एसटीने कल्याणला येतो आणि मग लोकल. सीएसएमटीला उतरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने चालत गेलं की धोबीतलावला जेर महालात फुर्टाडो आहे, १८६५ पासूनचं दुकान. वाद्य हातात घेऊन बघायचं तर तिथे जावं. वीस हजारांच्या आसपासच्या बास मी अशाच वाजवून पाहिल्या. यामाहाची टीआरबीएक्स १७४, आयबानेझची जीएसआर २००, कोर्टची ॲक्शन पीजे. तिन्हींवर पिकअपची मांडणी एकच. मधोमध पी आणि ब्रिजजवळ जे.

ही अक्षरं लिओ फेंडर यांच्या दोन बासवरून आली. प्रिसिजन बास १९५१ची. तिला आजचा दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप १९५७ मध्ये मिळाला. जॅझ बास १९६०ची, तिला सरळ पट्टीसारखे दोन पिकअप. तारेची ३४ इंची लांबी तेव्हापासून बहुतेक बासना चालत आली आहे. पीचा आवाज जाड, मध्यावर भरलेला. जेचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की आवाज रुंद आणि चकचकीत. बंद खोलीत, चांगल्या बास ॲम्पवर, जॅझ बास ऐकून कुणीही खूश होईल.

मी घेतली ती मात्र जुनी पी-जे, कल्याणच्या एका ऑर्केस्ट्रातून. जुनं वाद्य घेताना रंग आणि नाव यांच्याआधी मी तीन गोष्टी बघतो. हेडकडून डोळा लावून नेकवरून नजर टाकायची. थोडा बाक चालतो, पीळ चालत नाही, कारण पीळ नेकमधल्या ट्रस रॉडने जात नाही. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायची. एखादा स्वर खरखरला किंवा मेला तर फ्रेट उचललेला असतो. शेवटी लीड जॅकमध्ये घालून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावायचा आणि एकेक पिकअप मोजायचा. पी साधारण १० किलोओहम दाखवतो, जे सात-आठ. हा आकडा आवाजाच्या दर्जाबद्दल काही सांगत नाही, पिकअप जिवंत आहे एवढंच सांगतो. विकणारा मीटर बघून हसला. म्हणाला, “भाऊ, गिटार घेतोयस का मोटर?”

बास मांडवात आली आणि खरी तुलना सुरू झाली. ओळखीच्या एका वादकाकडे जॅझ धर्तीची बास आहे. कार्यक्रमाआधी साउंडवाला टॉप लावत असतो तेवढ्या वेळात आम्ही दोघांच्या बास एकाच चॅनेलवर, एकाच लीडने, तेच चार ताल वाजवून बघायचो. आधी मिक्सरच्या मीटरवर दोन्हींची पातळी सारखी करायची, कारण एक जरा मोठी वाजली तरी कानाला तीच चांगली वाटते. कार्यक्रम सुरू झाला की घरच्या एखाद्या पोराला फोन देऊन पंगतीच्या टोकाला उभं करायचं आणि रेकॉर्ड करून घ्यायचं. फोनचा माइक खालचा खर्ज नीट पकडत नाही, पण आमच्या कामाला तोच बरा. खर्ज वगळून उरलं काय, ते त्यातून समजतं.

उरायचं असं. जेचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असले की पंगतीच्या टोकाला बास गायब. एकाच तारेचा आवाज दोन जागांवरून उचलला जातो तेव्हा मिडमधले काही स्वरांश एकमेकांना खोडतात. एकटी वाजवताना तो गोड वाटणारा खळगा असतो. कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅडचा किक खालची सगळी जागा घेऊन बसले की बासकडे फक्त मिड उरतं, आणि इथे नेमकं तेच कमी असतं. त्याच बासचा ब्रिजकडचा एकच पिकअप ठेवला की आवाज नाकात बोलल्यासारखा होतो, पण पंगतीपर्यंत पोचतो. पी एकटा ठेवला की तो न सांगता पोचतो. घरी हेडफोन लावून मी यांचा क्रम नेमका उलटा लावला असता.

यात साउंडवाल्याशी एक ठरलेला संवाद होतो. बास चॅनेलला लागली की त्याचा हात आपसूक ‘लो’च्या बटणाकडे जातो. मी म्हणतो, “लो मध्यावर ठेव, मिड दोन खुणा वर घे.” तो म्हणतो, “दादा, बासला बेस नको म्हणतोस?” मग फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकवावं लागतं. आता आमच्या बाजूचे दोन-तीन साउंडवाले न सांगता तसं करतात. त्यांचाही फायदाच. खालची फुकट ताकद वाचली की टॉप फाटत नाहीत आणि गायिकेचा आवाज मोकळा होतो.

गायिकेवरून पट्टीचं सांगतो, कारण चार तारा की पाच, हा प्रश्न आमच्याकडे पट्टीवरून सुटतो. नेहमीच्या जुळणीत बासच्या तारा, पेटीच्या भाषेत, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा असतात. आमचे गायक आणि बुवा बोलतात काळीत. काळी एक, काळी दोन, काळी चार. काळी दोनचं गाणं आलं की सगळ्यात जाड तारेच्याही खाली अर्ध्या सुराची गरज पडते, आणि ती तिथे नसते. त्यावर लोक पाच तारांची बास सुचवतात. तिची जाड तार ३१ हर्ट्झला जाते. आमचे टॉप ४१लाच धापा टाकतात, तिथे ३१चे पैसे कशाला मोजायचे? मी चारही तारा कायमच्या अर्धा सूर उतरवल्या. आता मोकळ्या तारा मिळतात त्या काळी दोन, काळी चार, काळी एक, काळी तीन. पाच काळ्यांतल्या चार मोकळ्या हाताशी आल्या. हळदीच्या गाण्यात डावा हात मोकळ्या तारेवर सोडून नाचणाऱ्यांकडे बघता येतं. तारा सैल पडू नयेत म्हणून एक घेर जाड संच लावला आणि नेक पुन्हा जुळवली. याला नवीन बास घेण्याचा खर्च आला नाही.

आता विजेचं. आमच्या मांडवाला वीज कधी घरातल्या प्लगमधून येते, कधी जनरेटरवरून, कधी कुठून येते ते न विचारलेलंच बरं. तिसरी पिन असते, पण तिच्यामागे तार असेलच असं नाही. गावात अर्थिंगचा खड्डा केलेला असला तरी कोळसा-मीठ घालून त्याला किती वर्षं झाली आणि उन्हाळ्यात त्यात पाणी कुणी ओतलं, हा प्रश्न उरतोच. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्याच्या आसपास, त्यांचं पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये आमच्या पाड्यांवर टँकर. तिथे अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी कोण घालणार?

याचा बासशी थेट संबंध आहे. बासच्या तारा ब्रिजमधून, लीडच्या जाळीतून पुढच्या यंत्राच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अर्थिंग असेल तर हेच जोडकाम गुणगुण कमी करतं. नसेल आणि एखाद्या यंत्राची वीज गळत असेल, तर वादकाचा हात तारांवर आणि ओठ माइकवर, मधून करंट. आमच्या एका गिटारवाल्याला सुरावट चालू असताना माइकचा असा झटका बसला की तो दोन गाणी खालीच बसून होता. तेव्हापासून माझ्या पिशवीत टेस्टर, मीटर, टेस्ट लॅम्प आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवलेला तीन पिनांचा बोर्ड असतो. मांडवात पाय ठेवला की आधी फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना ते बघायचं, मग न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट येतात ते. गुणगुण जावी म्हणून तिसरी पिन तोडणारे लोक मी पाहिले आहेत. गुणगुण जाते आणि जीवही जाऊ शकतो. गुणगुणीसाठी बास आणि मिक्सर यांच्या मधल्या डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण आहे. ते सिग्नलच्या तारेतली जोडणी सोडवतं, विजेच्या पिनेला हात लावत नाही.

अर्थिंग नीट असूनही उरते ती हवेतून येणारी गुणगुण. मांडवातली लाइटिंग, डिमर, एलईडीचे स्वस्त ड्रायव्हर, इन्व्हर्टर हे सगळे आवाज फेकतात आणि पिकअप ते झेलतो. पी पिकअपचे दोन तुकडे उलट वेढ्यांचे आणि उलट चुंबकांचे असतात. तारेचा आवाज दोघांतून सुलट येतो म्हणून टिकतो, बाहेरची गुणगुण उलटी येते म्हणून तिची वजाबाकी होते. जॅझ बासचे दोन पिकअपही असेच जोडीने काम करतात, पण दोन्ही सारखे उघडे असतील तरच. एक कमी केला की गुणगुण परत. माझ्या पी-जेत तर जेला जोडीदारच नाही. तो उघडला की लाइटवाल्याने डिमर फिरवलेला मला बासमधून ऐकू यायचा.

मी केलेले बदल यासाठी होते. पहिला खर्चाचा नव्हताच. पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तिच्यात आणि पिकअपमध्ये दोन-तीन मिलिमीटर ठेवायचे. जवळ आणला की आवाज वाढतो, फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतो आणि सूर डळमळतो. चारही तारा सारख्या बोलेपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. बऱ्याच जणांना नवा पिकअप हवा असतो तो या स्क्रूंना कधी हात न लावल्यामुळे.

दुसरा बदल शिल्डिंगचा, म्हणजे बाहेरची चरचर अडवणाऱ्या अस्तराचा. लॅमिंग्टन रोडवर तांब्याची चिकटपट्टी, ब्रँडेड पॉट, कपॅसिटर, जॅक सगळं एका फेरीत मिळतं. बासच्या आतल्या पोकळीत पट्टी लावताना जोड एकमेकांवर चढवून प्रत्येक जोडाला डाग द्यायचा, कारण पट्टीखालच्या गोंदातून करंट जाईलच याचा भरवसा नाही. मीटर बीपवर ठेवून कोपरा न् कोपरा तपासायचा आणि शेवटी सगळं ग्राउंडला जोडायचं. पॉट २५० किलोओहमचे, कपॅसिटर ०.०४७ मायक्रोफॅरडचा. दुकानात आकडा सांगावा लागत नाही, अंगावर ४७३ लिहिलेला मागायचा. जुन्या तेलकट कपॅसिटरची जादू सांगणारे भेटतात. मांडवात मला ती कधी ऐकू आली नाही. चांगला जॅक मात्र ऐकू येतो, कारण नाचणारं एखादं पोर लीडवर पाय देतं तेव्हा तो सुटत नाही.

मधेच एकदा पी पिकअपचा अर्धा भाग गेला. एक तुकडा गेला म्हणून पीवर चारही तारा मुक्या. मीटर त्या तुकड्यावर काहीच दाखवेना. मुरबाडच्या एका रिवायंडिंगवाल्याकडे घेऊन गेलो. त्यांचं काम शेतपंपाच्या मोटरी आणि पंखे. पिकअपची तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. ते म्हणाले, “ही तार का कोळ्याचं जाळं?” नवे वेढे घालायला त्यांच्याकडे ती तार नव्हती. पण भिंग लावून त्यांनी शोधून काढलं की तार मधे तुटलेली नाही, बाहेर येऊन पिनेला जिथे डाग दिला आहे तिथे गंज चढून सुटली आहे. एक वेढा सोडवला, टोकाचं इनॅमल खरवडलं, पुन्हा डाग दिला, वर वॉर्निशचा थेंब. पैसे घेतले ते पंख्याचा कपॅसिटर बदलण्याएवढे. तो तुकडा अजून वाजतो आहे. पिकअप ‘मेला’ म्हणून फेकण्याआधी टोकं तपासावीत, हे त्यांच्याकडून शिकलो.

सगळं करूनही जेची गुणगुण कमी झाली, गेली नाही. शिल्डिंग डिमरची चरचर बरीच अडवतं, ट्रान्सफॉर्मरचं पन्नास हर्ट्झचं चुंबकी क्षेत्र तांब्याच्या पट्टीला जुमानत नाही. म्हणून शेवटी जेच्या जागी एकावर एक दोन वेटोळी रचलेला गुणगुणमुक्त पिकअप घातला. आवाजाची धार किंचित बोथट झाली, शांतता मिळाली. पंगतीच्या टोकाला पोराने रेकॉर्ड केलेल्या आवाजात आधीचा आणि नंतरचा जे मला वेगळा काढता आला नाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात मात्र फरक सगळ्यांना कळला.

पावसाळ्यात हे सगळं पुन्हा जुळवावं लागतं. जूनपासून लाकूड ओल पितं आणि नेक हलते. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मधे सातव्या-आठव्या फ्रेटजवळ ०.३ मिलिमीटरची फट राहील असं मी ट्रस रॉडने बघतो. एका वेळी पाव फेरा, मग थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. तारांना गंज चढतो तो घामाने आणि ओलीने. चांगला संच दोन हजारांच्या पुढेच जातो, त्यामुळे वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसणं आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं हाच स्वस्त उपाय. जुन्या तारा उकळत्या पाण्यात घालून, नीट वाळवून पुन्हा चढवल्या की काही दिवस चमक परत येते. गुळगुळीत वेढ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा गंजायला आणि खराब व्हायला खूप वेळ घेतात. मोटाउनचे जेम्स जेमरसन अशाच तारा वापरायचे. पण त्यांच्यात वरचे स्वरांश कमी, म्हणजे आमच्या मांडवात पुन्हा तोच प्रश्न. भजनाला किंवा छोट्या हॉलमध्ये त्या छान, हळदीला नाहीत.

पेडलांची हौस सगळ्यांना असते, मलाही आहे. आमच्या भागात एकत्र इफेक्टच्या डब्याला प्रोसेसर म्हणतात. झूमचा बी-वन फोर हा त्यातला स्वस्त आणि कामाचा. चार पेन्सिल सेलवर चालतो, ट्यूनर आणि ताल आत असतो, रात्री हेडफोन लावून सराव करताना घरचे झोपलेले राहतात. मांडवात मी वेगळी पेडलं नेतो आणि ती फार नाहीत. पहिला ट्यूनर. बँजोवाला दर दोन गाण्यांनी तारा जुळवतो, तेवढ्यात आवाज बंद ठेवून मलाही जुळवता येतं. मग कॉम्प्रेसर, म्हणजे जोरात आणि हळू वाजलेले ठोके एका पातळीत येतात आणि साउंडवाल्याला सारखा हात लावावा लागत नाही. शेवटी प्रीॲम्प आणि डीआय एकत्र असलेला डबा. टेक २१च्या सॅन्सॲम्प बास ड्रायव्हरने ही जात लोकप्रिय केली, आता तिच्या स्वस्त आवृत्त्याही मिळतात.

या डब्यावर ड्राइव्ह नावाचं बटण असतं. लोकांना ते रॉकसाठी वाटतं. मी ते अगदी थोडं उघडतो, इतकं की आवाज फाटलेला वाटू नये. ड्राइव्ह वरचे स्वरांश तयार करतो, आणि ट्रान्झिस्टरने शिकवलेला धडा हाच आहे की लहान स्पीकरमधून बास वरच्या स्वरांशांवरच पोचते. ड्राइव्हचं बटण घड्याळाच्या आठवर की नऊवर, एवढ्या फरकाने पंगतीच्या टोकाला ओळ ऐकू येते की नाही ते ठरतं. याउलट ऑक्टेव्ह पेडल. बॉसने ओसी-२ काढला १९८२ मध्ये, आणि स्टुडिओत तो फार सुंदर वाजतो. वाजवलेल्या स्वराखाली एक सप्तक घालतो. आमच्या टॉपना ४१ जड जातात, त्यांना २० देऊन काय होणार? कोरस आणि रिव्हर्बचंही तसंच. गायिकेला आधीच भरपूर इको दिलेला असतो, त्यात बास भिजवली की शब्द कळत नाहीत.

पेडलांची वीज हा पुन्हा माझा विषय. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि मधली पिन निगेटिव्ह लागते, पण सगळ्या डब्यांची नसते. म्हणून माझ्या ॲडॉप्टरना रंगीत टेप आहे आणि दुसऱ्याचा ॲडॉप्टर मी मीटर लावल्याशिवाय घालत नाही. साधं ॲनालॉग पेडल दहा मिलिॲम्पिअरच्या आसपास ओढतं, ते बॅटरीवर पुष्कळ कार्यक्रम काढतं. डिजिटल पेडल शंभराच्या पुढे जातं आणि ९ व्होल्टची बॅटरी एका हळदीतच संपवतं. जनरेटरवर व्होल्टेज खालीवर होत असेल तेव्हा बॅटरीवरचं पेडल सगळ्यात शांत. डीआयपासून मिक्सरपर्यंतची केबल बॅलन्स्ड, ती बरीच लांब चालते. बासपासून पेडलपर्यंतची लीड मात्र आखूड ठेवायची, कारण पॅसिव्ह पिकअपचा वरचा भाग लांब लीडमध्ये गळतो, आणि वरचा भाग गेला की आपलं सगळं गेलं.

रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे. त्यानंतर सामान आवरताना डोळखांबच्या बाजूचा एक पोरगा भेटला. त्याच्याकडे नवी पी-जे आहे. फोनवर पिकअपचे फोटो काढून दाखवत होता, एकेकाची किंमत बासच्या निम्म्याने. “दादा, यातला कुठला टाकू?” मी म्हटलं, बास घेऊन घरी ये. आली तेव्हा तारा दुकानातल्याच होत्या, बाराव्या फ्रेटवर तार चार मिलिमीटर उंच, पिकअप खोल गाडलेला, आणि लीड अशी की हलवली की कडकड. अडीच मिलिमीटरवर तारा आणल्या, पिकअप वर घेतला, लीड बदलली. वाजवून तो म्हणाला, “पिकअप बदलल्यासारखा वाटतोय की.”

तरी त्याला नवा पिकअप हवाच आहे, आणि पैसे साठवतोय. त्याला मी क्रम लिहून दिला. आधी सेटअप आणि तारा. मग चांगली लीड आणि जॅक. मग डीआय असलेला प्रीॲम्प, म्हणजे साउंडवाला कुणीही असो, आपला आवाज आपल्या हातात. मग शिल्डिंग, तेही त्याने स्वतः करायचं, डाग द्यायला मी शिकवीन. एवढं झाल्यावर एका हळदीत पंगतीच्या टोकावरून रेकॉर्ड करायचं आणि ऐकून ठरवायचं. पिकअपला मी नाही म्हटलेलं नाही. यादीत त्याचा नंबर पाचवा आहे.